पाणी जोखताना

टाकीवर कंपनीनं छापलंय : साठ लिटर.
बासुआल्दो म्हणतो, खोटं.
खाली चार बोटं वाळू, मध्ये लाकडाचा बुंधा,
कुणीतरी मुलांसाठी ठेवलेला तो प्लास्टिकचा किल्ला,
आणि वर रिकामी जागा सोडलेली,
कारण मासे उड्या मारतात.
पाणी उरतं ते अठ्ठेचाळीस.
त्यानं बादलीनं मोजलंय, एका मंगळवारी,
आपला नंबर लागेपर्यंत.

रोसारिओच्या या डायलिसिस केंद्रात
माझं काम पाण्याचं.
पहाटे साडेचारला, माणसांच्या आधी येते.
कोळशाच्या टाक्यांतून गाळून आलेलं पाणी
बोटभर कुपीत धरते, भुकटी टाकते
आणि बघत राहते, गुलाबी होतंय का.
गुलाबी म्हणजे क्लोरीन.
गुलाबी म्हणजे थांबा, कुणालाच जोडू नका.
हे पाणी अकरा माणसांच्या रक्ताला खेटून वाहणार,
मध्ये फक्त एक पापुद्रा.

मासे बाहेरच्या खोलीत. त्यांना थेट नळाचं.
त्यांच्यासाठी ही निळी बाटली :
चाळीस लिटरला पाच मिली.
आम्ही बदलतो दोन बादल्या, आठ-आठच्या.
म्हणजे सोळा. म्हणजे दोन मिली.
बिनसुईच्या सिरिंजवरची दुसरी रेघ,
डोळ्याच्या पातळीवर धरून,
बुडबुडा टिचकीनं वर घालवून.

लाउतारो नवा होता तेव्हा
अंदाजपंचे दाहोदरसे झाकणभर ओतलं त्यानं,
वर आणखी एक झाकण, आणखी एक,
"औषधच आहे ना," म्हणाला.
दुपारी सगळ्या मोखार्रा वर तोंडं काढून
हवा पीत होत्या.
दोन गेल्या.
लाउतारो काही बोलला नाही,
पण हातातला एम्पनाडा त्यानं न खाताच टाकून दिला.

तेव्हापासून सिरिंज बासुआल्दोकडे.
चाळीस वर्षं पारानावर होडी हाकलेला माणूस.
पाणी मोजायचं असतं
हे त्याला साठीनंतर कळलं, तेही नेफ्रॉलॉजिस्टकडून :
दिवसाला सातशे मिली.
त्यात सूप आलं, माते आला,
गोळीबरोबरचा घोट आला,
जानेवारीत कलिंगडाची फोडसुद्धा आली.
डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली,
ती सांभाळत तो उजव्यानं रेघ गाठतो.
एवढा स्थिर हात मी प्रयोगशाळेत पाहिलेला नाही.

आज नदी चढलीय.
गढूळ पाण्याला नगरपालिकेनं क्लोरीन वाढवलं,
नळ उघडला की नाकात झिणझिण्या.
मी कुपी भरली, उजेडाकडे धरली, कार्डाशेजारी लावली.
नेहमीपेक्षा गडद. दीडपट तरी.
"किती?" त्यानं विचारलं.
"तीन."
"काल दोन होते."
"काल पाणी वेगळं होतं."

त्यानं तिसऱ्या रेघेपर्यंत ओढलं,
आधी बादलीत, मग ढवळलं, मग हळूच टाकीत,
काचेच्या कडेकडेनं, कुणी दचकू नये असं.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"मग नदी चढली की माझे सातशे
किती होतात?"

याला कुपी नाही माझ्याकडे. कार्ड नाही.
वजनकाटा तर आधीच सगळं बोलून गेला होता :
शनिवारपासून तीन किलो दोनशे.
रात्री घोट घेतला असणार, एक नव्हे, बरेच,
अंधारात, नळाला ओंजळ लावून.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
आम्ही दोघांनी बादली उचलून ठेवली.

चार तास तो खुर्चीत. यंत्र घरघरतंय.
अकराच्या सुमारास ओठ सुकले, तेव्हा
बर्फाचा एक खडा दिला मी त्याला.
त्याचा हिशेब वीस मिली.
वहीत लिहायला हवा होता.

दाराच्या काचेतून त्याला टाकी दिसते.
सगळ्या मोखार्रा खाली, किल्ल्यामागे,
आपापल्या उद्योगात.